टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर, टीएसएच खाली. आठ महिन्यांचं सगळं पाण्यात गेलं का?

अबोली_२७ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी ट्रान्सवुमन, वय २७, मूळची सांगलीची, नोकरीसाठी पुण्यात. आठ महिन्यांपूर्वी हार्मोन्स चालू केले. इस्ट्राडिओल व्हॅलेरेटच्या, म्हणजे स्त्री-हार्मोनच्या, गोळ्या आणि ब्लॉकर म्हणून, म्हणजे टेस्टोस्टेरॉन दाबायला, स्पायरोनोलॅक्टोन. एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोन्सच्या डॉक्टर) मॅडमच्या देखरेखीखालीच चाललंय.

चौथ्या महिन्याचा रिपोर्ट छान होता. इस्ट्राडिओल ११८, टेस्टोस्टेरॉन ४१. मॅडम म्हणाल्या होत्या, इस्ट्राडिओल १०० ते २०० पिकोग्रॅमच्या मध्ये आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या खाली राहिलं की झालं. परवाचा रिपोर्ट हातात पडला आणि मी लॅबच्या पायरीवरच बसले. इस्ट्राडिओल ३८६. टेस्टोस्टेरॉन १७२. टीएसएच ०.२, म्हणजे आता थायरॉइडचंही काहीतरी. पोटॅशियम ५.४, त्याच्यापुढे लाल बाण.

अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर झोप नाही. छातीची वाढ गेल्या दोन महिन्यांत थांबल्यासारखी वाटतेय, त्यामुळे जास्तच धास्ती. एकही गोळी चुकवलेली नाही. कुणाला असा अनुभव आलाय का?

रेवाकाठ (सोमवार, रात्री १०.०५)

आधी पाणी पी आणि झोप. एका रिपोर्टनं आठ महिने पुसले जात नाहीत गं.

मला तीन वर्षं झाली. माझे आकडे इतके वरखाली झालेत की मी ते वहीत लिहायचं सोडून दिलं होतं. गोळी जिभेखाली ठेवतेस की गिळतेस? जिभेखाली ठेवली आणि तासा-दोन तासांत रक्त दिलं तर इस्ट्राडिओल भरमसाट दिसतं, संध्याकाळी तेच निम्म्याच्याही खाली आलेलं असतं. टेस्टोस्टेरॉनचं मात्र मलाही कोडं आहे. इस्ट्राडिओल एवढं चढलं असेल तर ते खाली जायला हवं.

पारिजातक (सोमवार, रात्री १०.२०)

ब्लॉकर बदलायला सांग. मला सायप्रोटेरॉननं महिन्याभरात टेस्टोस्टेरॉन २० च्या खाली आणलं. स्पायरो म्हणजे नुसत्या बाथरूमच्या फेऱ्या. पुणे-सोलापूर एसटीत माझे जे हाल झालेत ते मी इथं लिहू शकत नाही.

रेवाकाठ (सोमवार, रात्री १०.३१)

@पारिजातक, एसटीचं शंभर टक्के मान्य. पण सायप्रोटेरॉन इतक्या सहज सुचवू नकोस. २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेनं मेनिन्जिओमाच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणावरच्या गाठीच्या, धोक्यामुळे रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढच्या डोसवर निर्बंध घातले. आपल्याकडे दुकानात मिळते ती गोळी बहुतेक वेळा ५० ची असते आणि पोरी अख्खी घेतात. त्यात यकृतावर ताण, प्रोलॅक्टिन हार्मोन वाढणं, मनाची उदासी. घ्यायचंच तर कमीत कमी डोस आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

लंडनची_वैनी (सोमवार, रात्री ११.१०)

एक साधी शंका. दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत ना? आणि एकाच एककात? माझी भाची इथं लंडनमध्ये हार्मोन्सवर आहे. तिच्या रिपोर्टवर इस्ट्राडिओल ५१० आलं आणि माझ्या नणंदेनं मुंबईत फोनवर रडारड केली. इथं मोजतात पिकोमोलमध्ये. ३.६७ नं भागा, १३९ पिकोग्रॅम होतात. मुलगी ठणठणीत! टेस्टोस्टेरॉनचंही तसंच, कुणी नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितं, कुणी प्रति मिलिलिटर. ०.५ आणि ५० एकच आकडा असू शकतो.

अबोली_२७ (मंगळवार, सकाळी ७.१५)

वैनी, लॅब तीच, एककही तेच. बघितलं मी. गोळी गिळते. रक्त सकाळी ८ वाजता दिलं, गोळी घेण्याआधी, चौथ्या महिन्यात दिलं होतं तसंच.

सोलापूरची_माई (मंगळवार, सकाळी ९.००)

बाळा, घाबरू नको. तुझ्या हातात रिपोर्ट तरी हाय. आमच्या काळात रिपोर्ट कुणी बघितलाय? गुरू सांगायची, माला-डी घे, अंग भरतंय. आम्ही घेतली. एकीनं दोन घेतल्या तर दुसरी चार घ्यायची. माझी एक चेली, २३ वर्षांची पोर, रोज मिश्री लावायची आन वरनं ह्या गोळ्या. एक दिवस डावा पाय पोटरीपासनं सुजला, गरम लागायला लागला. आम्ही तेल चोळत बसलो. चोळायचं नव्हतं ते. दवाखान्यात नेली तवा कळलं, शिरंत रक्त साकळलंय. वाचली, पण अजून पायाला पट्टा बांधून फिरते.

म्हणून सांगते, पोरींनो, आकडा वरखाली झाला तर डॉक्टरला विचारा. मनानं गोळी वाढवायची नाही. हे माझं हात जोडून सांगणं हाय.

सूक्ष्मदर्शक (मंगळवार, सकाळी ११.३०)

माई, तुमचा प्रतिसाद इथं सगळ्यात मोलाचा आहे. त्यात थोडी भर घालतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं तंत्रज्ञ आहे.

माला-डीत इस्ट्राडिओल नसतं. त्यात असतं इथिनाइल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम. गर्भनिरोधनासाठी सांगितलेल्या मात्रेत ती ठीक आहे. पण इथिनाइल इस्ट्राडिओलनं रक्त गोठायचा धोका जास्त असतो, त्यात तंबाखू म्हणजे आणखी भर. शिवाय आमच्या इस्ट्राडिओलच्या चाचणीत ते दिसतच नाही. म्हणजे मुलगी दिवसाला चार गोळ्या घेते, तपासणी करते, रिपोर्टमध्ये येतं इस्ट्राडिओल २०. तिला वाटतं, अंगी लागतच नाहीये, म्हणून ती सहा करते. असे रिपोर्ट मी स्वतः छापून दिलेत, आणि काउंटरच्या अलीकडून काही बोलायची मला मुभा नव्हती. ते अजून सलतं.

आता @अबोली, तुझ्याकडे येतो. तुझ्या रिपोर्टमधला आकड्यांचा मेळ मला खटकतोय. इस्ट्राडिओल वर, टेस्टोस्टेरॉनही वर आणि टीएसएच खाली, तिन्ही एकदम. गोळ्या-औषधांशिवाय काय काय घेतेस? केसांचं, नखांचं, त्वचेचं काही? पावडर, चूर्ण, सगळं लिही. वगळू नकोस.

अबोली_२७ (मंगळवार, दुपारी १.१०)

लिहिते सगळं.

केस गळत होते म्हणून पाचव्या महिन्यापासून बायोटिनची गोळी, डब्यावर १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. शतावरी कल्प दुधातून, रात्री. मेथीचे भिजवलेले दाणे, कारण एका व्हिडिओत बघितलं की त्यानं छाती वाढते. व्हिटॅमिन डी आठवड्याला एक, ते मॅडमनीच दिलंय. आणि रोज सकाळी एक शहाळं, त्वचेसाठी.

मॅडमना यातलं फक्त डी माहीत आहे. बाकीची काही औषधं नव्हेत, म्हणून सांगितलं नाही.

सूक्ष्मदर्शक (मंगळवार, दुपारी २.००)

सापडलं. निदान दाट शक्यता तरी हीच.

बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये हार्मोन मोजायला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी वापरतात. दोघं एकमेकांना घट्ट चिकटतात, त्यावर अख्खी चाचणी उभी. तुझ्याच रक्तात गोळीतलं बायोटिन भरपूर असेल तर ते मधे येऊन जागा अडवतं. इस्ट्राडिओल, टेस्टोस्टेरॉन यांच्या चाचणीची रचना अशी की जागा अडली की आकडा खोटा वर जातो. टीएसएच, प्रोलॅक्टिन यांची रचना उलटी, तिथं आकडा खोटा खाली येतो. तुझा रिपोर्ट हुबेहूब तसा आहे. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये याच गोष्टीचा इशारा दिला होता आणि २०१९ मध्ये तो पुन्हा काढला.

दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. तू घेतेयस १०,०००.

सगळ्या मशीनवर असं होत नाही, त्यामुळे हे माझं निदान नव्हे, अंदाज आहे. पण मॅडमना आजच मेसेज कर, डब्याचा फोटो पाठव. त्या हो म्हणाल्या तर गोळी बंद करून निदान तीन दिवस जाऊ दे आणि मग पुन्हा रक्त दे. थायरॉइडची गोळी सुरू करायला किंवा ब्लॉकर बदलायला या रिपोर्टमधल्या हार्मोनच्या आकड्यांवरून देऊ नकोस.

पारिजातक (मंगळवार, दुपारी २.१५)

बाप रे. मी माझा शब्द मागे घेते. याच रिपोर्टवर अबोलीनं सायप्रोटेरॉन सुरू केलं असतं तर? आणि हो, माझ्याही कपाटात तोच डबा आहे.

धन्वंतरी_पथिक (मंगळवार, दुपारी ४.४०)

बायोटिनचं पटलं. पण शतावरीला त्याच माळेत ओवू नका. शतावरी स्त्रियांसाठी शतकानुशतकं वापरात आहे. माझ्या आजीनं माझ्या आईला बाळंतपणात दिली, आईनं बहिणीला. आधुनिक गोळ्यांपेक्षा सौम्य आणि नैसर्गिक मार्ग असताना मुलींनी तो का टाळावा?

रेवाकाठ (मंगळवार, संध्याकाळी ६.२०)

@धन्वंतरी_पथिक, शतावरीचा मान राखूनच लिहिते. बाळंतिणीच्या शरीरात इस्ट्रोजेन स्वतःचं असतं. आमच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली आणायचं आणि इस्ट्राडिओल १०० च्या वर न्यायचं, हे काम शतावरी, मेथी, सोयाबीन यांपैकी कशानंच होत नाही. मी स्वतः सुरुवातीचं दीड वर्ष डॉक्टरकडे जायची लाज वाटते म्हणून चूर्णांवर काढलं. दीड वर्षात हाती लागलं ते वाढलेलं वजन. त्या दीड वर्षात दाढी अजून दाट झाली. ती वेळ मला परत मिळाली नाही. हार्मोन्स सुरू केल्यावर आवाज मागे येत नाही, त्यासाठी सराव करावा लागतो. दाढीही जात नाही, लेझर नाहीतर इलेक्ट्रोलिसिसच.

दुधातून चवीला शतावरी घ्या, काही म्हणणं नाही. औषधाच्या जागी नको. आणि घेत असाल ते डॉक्टरांना सांगा.

धन्वंतरी_पथिक (मंगळवार, संध्याकाळी ७.०५)

औषधाच्या जागी नको, हे मान्य. तुमच्या दीड वर्षाबद्दल वाचून वाईट वाटलं. मी त्या बाजूनं विचार केला नव्हता.

एका_लेकीची_आई (मंगळवार, रात्री ८.३०)

इथं लिहायला मन धजावत नव्हतं. माझी लेक २१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं सांगितलं, वर्षभर मी बोललेच नाही नीट. आता पुढच्या महिन्यात हार्मोन्स सुरू करायचे आहेत आणि मी तिच्यासोबत जाणार आहे. नाशिकला असतो. काय बदलतं, कधी बदलतं, आणि आधी काय करून घ्यायचं? कृपया साध्या भाषेत सांगा.

रेवाकाठ (मंगळवार, रात्री ९.१५)

काकू, तुम्ही सोबत जाणार, यातच निम्मं आलं.

सर्वांत आधी एक गोष्ट. पुढे तिला स्वतःचं मूल हवंसं वाटेल का, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा. हार्मोन्सनी शुक्राणू कमी होतात आणि औषध थांबवलं तरी ते परत येतीलच याची हमी नसते. हवं असेल तर सुरू करण्याआधी शुक्राणू गोठवून ठेवता येतात. मला कुणी विचारलं नाही. मी आज ३४ ची आहे आणि भाच्याला मांडीवर घेतलं की ते आठवतं.

बदल हळू येतात. पहिल्या एक ते तीन महिन्यांत लिंगाला आपोआप येणारं ताठरपण कमी होतं, कामेच्छा बदलते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात त्वचा मऊ, कोरडी व्हायला लागते, स्नायूंचा जोर कमी होतो, कंबरेखाली चरबी साठायला लागते, स्तनाग्रामागे बोराएवढी गाठ येते. ती दुखते, काकू! बादलीची कडी नुसती लागली तरी डोळ्यांत पाणी. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, घाईनं मिठी मारू नका म्हणून. अंगावरचे केस विरळ व्हायला सहा महिने ते वर्ष. पूर्ण आकार यायला दोन-तीन वर्षं.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढे वर्षातून एक-दोनदा.

मुंब्र्याची_शमा (मंगळवार, रात्री १०.००)

लोकलमध्ये सॅक पुढे घेऊन उभी राहायचे मी, ढाल म्हणून. डोंबिवलीला गर्दी आत शिरली की देव आठवायचा.

मला सगळ्यात आधी जाणवला तो घामाचा वास. दिवसभर घातलेला कुर्ता नाकाशी धरला आणि तो माझा वाटलाच नाही. मग कळलं, हाच माझा.

आणि काकू, एक विनंती. मुलीला मेडिकलच्या दुकानातून विचारून गोळ्या घेऊ देऊ नका. कल्याण आणि पुण्याचं मित्र क्लिनिक, ट्रान्स लोकांसाठीचं, २०२५ च्या सुरुवातीला बंद झालं, अमेरिकेची मदत थांबली म्हणून. आमच्यासारख्यांना तिथं नाव विचारून हाक मारायचे. ते गेल्यावर माझ्या ओळखीच्या तिघी-चौघी सरळ दुकानाच्या गोळ्यांवर गेल्या. फी परवडत नाही हे खरं आहे, पण सरकारी रुग्णालयात रक्त-तपासणी तरी करा म्हणून मी त्यांच्या मागे लागलेय.

सूक्ष्मदर्शक (बुधवार, सकाळी १०.४५)

शहाळ्याबद्दल लिहायचं राहिलं. @अबोली, पोटॅशियम ५.४ चा बायोटिनशी संबंध नाही. तो आकडा खरा समज. स्पायरोनोलॅक्टोन शरीरात पोटॅशियम अडवून ठेवतं. त्यावर रोज शहाळं. रक्त दिलंस त्याच्या आसपास चतुर्थी होती ना? उपास केलास?

अबोली_२७ (बुधवार, दुपारी १२.२०)

केला. दोन रताळी, बटाट्याची भाजी, दोन केळी आणि शहाळं. रक्त दुसऱ्याच दिवशी दिलं.

सूक्ष्मदर्शक (बुधवार, दुपारी १२.३०)

म्हणजे ताटात सगळं पोटॅशियमच होतं. मॅडमना हेही कळव, आजच. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होतो, म्हणून हा आकडा पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस. घरात ‘कमी सोडियमचं’ मीठ वापरत असाल तर पुडा उलटा करून वाच, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं.

सोलापूरची_माई (बुधवार, दुपारी १.००)

उपासाला भगर खा गं बाई. देव रागवत नाही.

एका_लेकीची_आई (बुधवार, रात्री ९.००)

सगळं वहीत उतरवून घेतलंय. लेकीला वाचून दाखवलं. शुक्राणूंचं मी विचारलं तर ती गप्प झाली, मग म्हणाली, आई, मला विचार करायला आठ दिवस दे. आम्ही तारीख पुढे ढकलली आहे. रेवाताई, तुमचे उपकार.

पारिजातक (गुरुवार, सकाळी ८.२०)

छातीच्या वाढीबद्दल कुणी बोललंच नाही. अबोलीचा मूळ प्रश्न तोही होता. इस्ट्राडिओल जास्त ठेवलं तर वाढ जास्त होते का? मला खरंच हवंय उत्तर.

रेवाकाठ (गुरुवार, सकाळी ९.५०)

नाही होत. युरोपात २२९ ट्रान्सवुमनचा पहिल्या वर्षाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाढ बेताचीच दिसली, त्यातली बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, आणि रक्तातल्या इस्ट्राडिओलच्या पातळीवरून कुणाची किती होईल हे सांगता येत नव्हतं. सहाव्या महिन्यानंतर थांबल्यासारखं वाटतं ते यामुळेच. माझं दुसऱ्या वर्षी पुन्हा दुखायला लागलं आणि पुन्हा थोडी वाढ झाली. आई, मावशी, बहीण यांच्याकडे बघ, साधारण त्याच घराण्यातलं येतं. प्रोजेस्टेरॉननं वाढते असं पुष्कळ जणी सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा अजून नाही.

अबोली_२७ (पुढच्या आठवड्यातला शनिवार, दुपारी ४.१०)

मंडळी, रिपोर्ट आला.

मॅडमना बुधवारीच सगळं पाठवलं होतं, डब्यांच्या फोटोंसकट. त्यांनी फोनच केला. पोटॅशियम दुसऱ्या दिवशी लगेच पुन्हा करायला लावलं, शहाळं-केळी बंद करून, आणि स्पायरोचा डोस तेवढ्यापुरता कमी केला. बायोटिन बंद करून सात दिवसांनी, काल, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला रक्त दिलं.

इस्ट्राडिओल १३४. टेस्टोस्टेरॉन ३६. टीएसएच २.१. पोटॅशियम ४.५.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मीच विचारायला हवं होतं, आता प्रत्येकीला विचारीन. त्यांनी फॉर्मवर पेनानं एक ओळ वाढवली, ‘केसांच्या गोळ्या, चूर्ण, काढे’.

केस गळायचे ते अजून गळतातच, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि डी तपासायला दिलंय.

रविवारी सांगलीला गेले होते. आईनं डोक्याला तेल लावलं, लहानपणी लावायची तसं, पाटावर बसवून. मानेवर हात थांबवला आणि म्हणाली, "इथली कातडी बाळाची झाली की गं तुझी." गेल्या वर्षभरात तिनं मला ‘गं’ म्हटलं ते पहिल्यांदा. मी काही बोलले नाही, ती तेल चोळत राहिली.

सोलापूरची_माई (शनिवार, दुपारी ४.३०)

आता माझ्या चेलीला पण त्या मॅडमकडं आणते. पत्ता मला निरोपात धाड, बाळा. आन एक विचार, सोलापूरहून सकाळच्या गाडीनं निघालो तर उपाशीपोटी रक्त द्यायचं जमंल का?

सूक्ष्मदर्शक (शनिवार, दुपारी ४.४५)

जमेल, माई. हार्मोन्स आणि पोटॅशियमला उपाशी असायची गरज नाही. चहा-भाकरी खाऊन निघा. फक्त ती सध्या घेते त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, रिकामी असली तरी.